अख्ख्या गल्लीचं बी आणि सुनयनाची उसळ

सुनयना वसतिगृहातून सुट्टीला गावी आली ती आरोग्यमंत्री होऊनच! नेमणूक कुणी केली? तिनंच! वर्षभर तिनं पेपरातलं आरोग्याचं पान चाटूनपुसून वाचलं होतं. मीठ कमी, साखर कमी, प्रथिनं जास्त! आणि मोड आलेल्या कडधान्यांवर तर तिचा असा जीव, जसा बाकीच्या मुलींचा पाणीपुरीवर.

"यंदा बाबांचं पोट आत घालूनच परत येते!" तिनं मैत्रिणींना छातीठोकपणे सांगितलं होतं.

बाबांचं, म्हणजे चंपतरावांचं पोट असं की ट्रॅक्टरवर बसले की स्टेअरिंग हाताआधी पोटाला लागायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली.

"तुया त्या संशोधनाचं एक तरी जेवण करून दाखव. आवडलं त मी चहातली साखर सोडतो. नाही आवडलं त तू भाषण सोडायचं!"

"मंजूर!" सुनयना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा शेतात गेले. सुनयना बादली घ्यायला न्हाणीमागं गेली आणि थबकली. भिंतीच्या सावलीत ओल्या पोत्याच्या गुंडाळ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तिनं एक उलगडली. आत सोयाबीन! आणि काय ते कोंब! पांढरे, टुमटुमीत, जसे काही तिलाच 'ये बाई, ये' म्हणत होते.

वसतिगृहातून फोनवर तिनं आईला सांगितलं होतं, "माय, मोड आणून ठेवजो." आईनं खरंच ऐकलं! सुनयनाचे डोळे भरून आले. तिनं भराभर सगळ्या गुंडाळ्या उलगडल्या, कोंब आलेले दाणे वेचून घेतले आणि मोड न आलेले आळशी दाणे प्रामाणिकपणे परत गुंडाळून, दोरी बांधून, जागच्या जागी ठेवले. कामाला शिस्त पाहिजे की नाही!

मग कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, कांदा, टमाटे, लसणाचं तिखट. रात्री चंपतरावांनी पहिला घास घेतला आणि वाटीत तोंडच घातलं.

"पोरी, हे त मटणाच्या रश्श्यावानी लागून राह्यलं!"

सकाळी ते बिनसाखरेचा चहा प्याले. चेहरा असा, जणू एरंडेल घेतलंय. पण प्याले! सुनयनाला वाटलं, आता दिल्लीहूनच फोन येतो.

फोन नाही आला, गल्ली आली. पंढरीकाका पुढं, बाकीचे मागं.

"चंपतभाऊ, उघडा पेपर! लावा निकाल!"

आता ही परीक्षा कसली? तर दर वर्षी पेरणीआधी गल्लीतले सगळे आपापल्या घरच्या, औषध न लावलेल्या सोयाबीनचे थोडे दाणे चंपतरावांकडे आणून देत. ते ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे. किती उगवतात ते बघून ठरायचं, बी पेरायचं की तेलाच्या गिरणीला द्यायचं. चंपतरावांचा हात म्हणजे शेवटचा शब्द! सुनयना दर उन्हाळ्यात बोथ गावी मामाकडे असायची. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. या घडीलाही ती चुलीपाशी पाहुण्यांसाठी उरलेली उसळ गरम करत होती.

चंपतरावांनी पहिली गुंडाळी उलगडली. सपशेल मेलेलं बी. दुसरी. तेच. तिसरी, चौथी... घाबरगुंडीत उरलेले दाणे मोजायचं कुणालाच सुचलं नाही.

"अख्खी गल्ली नापास!" त्यांनी निकाल लावला.

गल्लीतल्या मथुराबाईंनी कपाळावर हात मारला. पंढरीकाकांनी आपली गुंडाळी उलटीपालटी करून पाहिली. "लेकरावानी जपलं होतं जी म्या! पेरणी तोंडावर आली, आता पेरू काय?"

"द्या गिरणीले! पैसे भेटन त नवं बी पाहू," चंपतरावांनी शेवटचा शब्द दिला.

झालं! गिरणीचा टेम्पो आला. पोती चढू लागली. तेवढ्यात सुनयना वाट्या घेऊन बाहेर आली.

"काका, ताणात उपाशी राहू नये! संशोधन सांगते."

पंढरीकाकांनी रडवेल्या तोंडानं घास घेतला. चावता चावता थांबले.

"काय कोंब हाय पोरी! बी कुठलं व हे?"

"मायनं न्हाणीमागं पोत्यात ठेवलं होतं ना, तेच!"

"म्या?" सुनयनाची आई, विमलबाई, ओरडल्या. "म्या काऊन ठेवू?"

टेम्पोवाला खांद्यावरचं पोतं तसंच धरून उभा राहिला. चंपतरावांनी वाटीतला एक कोंब दोन बोटांत धरला, सोनारासारखा उजेडात पाहिला.

"किती निघाले होते, बाई?"

"मोजले नाही," सुनयनाचा आवाज आता मुंगीएवढा. तिनं चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केलं. "तो मोठा गंज भरला होता."

"आन् मांगं उरले?"

"सगळे मिळून मूठभर."

"उतरवा पोते!" चंपतराव गरजले. "अख्खी गल्ली पास!"

पंढरीकाका हसता हसता वाकले. "म्हंजे निकाल रातभर तुमच्याच पोटात होता!"

सुनयनानं हळूच विचारलं, "बाबा, मग साखर?"

"सोडली. शब्द म्हंजे शब्द."

आणि त्यांनी तो पाळलाही! घरच्या चहात चिमूट घेतली नाही. फक्त पास झालेल्या प्रत्येक घरानं त्यांना आनंदाचा चहा पाजला. गोडमिट्ट, वर शंकरपाळे! सुनयना वसतिगृहात परत निघाली तेव्हा चंपतराव तिला सोडायला ट्रॅक्टरवर चढले आणि हात लावायच्या आधीच हॉर्न वाजला.

पोटानं!