सात मानांचा राजा आणि एक काना

कानाकाकांची एक बढाई होती, आणि जेवणाआधी हात धुवावेत इतक्या नियमाने ते ती मारत. "चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली! माझ्या हाताखालून एक चूक निसटली नाही. एक!"

यावर काकू फक्त डाव भांड्यावर आपटत. चौतीस वर्षांच्या वाक्याला तेवढा पूर्णविराम पुरतो.

शब्दातला हरवलेला काना ते दहा हातांवरून ओळखत, म्हणून छापखान्यात त्यांचं नावच ‘काना’ पडलं होतं. मुलीच्या दोस्तमंडळींनी पुढे ‘काका’ जोडलं. ही मंडळी दर रविवारी दुपारी चारला यायची, जेवणाच्या टेबलाभोवती बसायची आणि बसल्या जागेवरून जगाबाहेर जायची. म्हणजे खेळ खेळायची. मुलगी सूत्रधार. ती सांगणार, "समोर दरी आहे, पूल जळतोय. काय करता?" मग बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होऊन उत्तर द्यायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि फासा म्हणेल तसं जगायचं किंवा मरायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई एरवी दुसऱ्यांना आ करायला लावत. इथे चार ते सात स्वतः आ करून बसत. शिंपी तलवार चालवायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला उडणारा मांत्रिक झाला होता, कारण कामावर जे हमखास वर जात नाही ते इथे जायचं.

फ्रिजवर यादी चिकटवली होती: ‘आपले लाडके लेखक’. सगळे अद्भुत कथा लिहिणारे. पहिल्या नावावर भांडण नव्हतं. दुसऱ्यावरून डॉक्टरीणबाई आणि शिंपी तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून ती जागा रिकामीच सोडली होती. पहिलं नाव होतं लेखिकाबाईंचं. त्यांच्या पाच खंडांच्या कादंबरीवरच हा सगळा खेळ उभा होता, आणि खेळाचा कळस म्हणजे तिच्यातला सात मानांचा राजा.

या राजाने मंडळींची झोप उडवली होती. "सात माना म्हणजे सात डोकी," डॉक्टरीणबाई म्हणत. "म्हणजे दोनशे चोवीस दात! मी तर दवाखाना बंद करून पळेन." लिफ्टवाल्याला काळजी एवढा भार एका धडाला पेलतो कसा याची. शिंप्याने तर महिनाभर खपून कापडाचा राजा शिवला होता. हातभर उंच, कापूस ठासून भरलेला, आणि सातही मानांना वेगवेगळी कॉलर!

एका रविवारी मुलगी पत्र नाचवत आली. "लेखिकाबाई येणार! पुढच्या रविवारी! आपल्या टेबलावर खेळायला!"

शिंपी मटकन खाली बसला. तिथे खुर्ची नव्हती, तरी बसला.

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला, "कोण, ती होय? तिचा पहिला खंड माझ्याच हाताखालून गेला."

"बाबा! मूळ हस्तलिखित तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय? अक्षर न अक्षर!"

मंडळी काकांच्या उजव्या हाताकडे असं बघू लागली, की काकांनी तो हळूच वर्तमानपत्रावर नीट मांडून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तर तो उलटसुलट करून पाहिला. खेळाच्या पाच वर्षांत ‘बाबांना चहा दे’ यापलीकडे न गेलेली मुलगी त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. काकांना चौतीस वर्षांचं चीज झाल्यासारखं वाटलं. "जुनी प्रुफं माळ्यावर असतील," ते म्हणाले, "काढून दाखवतो." इथेच माशी शिंकली.

शनिवारी सकाळी काका माळ्यावर चढले. गठ्ठा सापडला. धूळ झटकली. पान सतरा. लेखिकाबाईंचं सुबक अक्षर: ‘आणि मग आला सात मनांचा राजा.’

मनांचा!

काकांनी चष्मा पुसला. अक्षर तेच राहिलं. मग छापलेलं प्रूफ पाहिलं. ‘म’च्या पुढे लाल शाईत एक काना घुसवला होता, आणि समासात त्यांच्याच अक्षरात शेरा होता: ‘मन माणसाला एकच असते. माना सात चालतील, कथा अद्भुत आहे.’

म्हणजे चूक निसटली नव्हतीच. हाताला धरून, पाटावर बसवून आत घेतली होती! बाईंनी लिहिला होता सात मनांचा बिचारा, कोणताच निर्णय न घेता येणारा राजा. आणि या घरात पाच वर्षं त्याच्या दाढा मोजल्या जात होत्या!

काकांना लोकांचं काही वाटलं नाही. पण मुलीचे ते विस्फारलेले डोळे आठवले, आणि माळ्यावरची शिडी डुगडुगू लागली.

त्यांनी ठरवलं: बाईंसमोर राजाचं नाव निघूच द्यायचं नाही. रविवारी साडेतीनला त्यांनी कापडी राजा उचलला आणि धुलाई यंत्रातल्या मळक्या कपड्यांखाली दडपला. तिथे कोण बघतंय!

चार वाजता लेखिकाबाई आल्या. लिफ्टवाल्याने लिफ्ट त्यांच्यासाठी तासभर तळमजल्यावर धरून ठेवली होती. आठव्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरले आणि उतरताना बरंच काही बोलले. दार उघडलं, तर समोर कापडी पिशवी घेतलेली, जाड भिंगांची, एवढीशी बाई. आग ओकणारे पर्वत हिने रचले? सगळे उठून उभे राहिले. बसायचं कुणाला सुचेना.

"बसू का?" शेवटी बाईंनीच विचारलं.

खेळ सुरू झाला. "बाई, आम्हाला तुमचा तो सात मा—" शिंप्याने तोंड उघडलं.

"खॉक! खॉक!" काका खोकले.

"पण सात मानां—" लिफ्टवाला.

काकांनी पाण्याचा तांब्या आडवा केला.

"काका, घसा तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही दातांपुरतं बघा!" काका खेळाच्या नकाशावरचं पाणी धोतराच्या सोग्याने टिपावं तसं सदऱ्याने टिपत म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचा खोकला खराच आला.

"मी कोण होऊ?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही... काहीही व्हा," मुलगी पुटपुटली. "जग तुमचंच आहे."

"मग मी नावाडीण होते." बाईंनी चष्मा काढला आणि हलक्या आवाजात सांगू लागल्या, "बसा नावेत. या नदीला काठ एकच आहे. दुसरा अजून कुणी पाहिला नाही, म्हणून तो झालेलाच नाही. तुमच्यातला जो आधी बघेल, त्याच्यासाठी तो उगवेल."

टेबल तेच होतं. पण काकांच्या पायाखाली काहीतरी हललं. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं; ‘नाही’नंतरचा स्वल्पविराम त्यांनीच घातला होता. चौतीस वर्षं त्यांनी अक्षरं वाचली होती. नदी आज पहिल्यांदा दिसत होती! पाण्यावर धुकं होतं, वल्ह्याचा आवाज होता, आणि समोर काहीच नव्हतं, आणि मग त्या काहीच नसण्यात एक काळी रेघ उमटली.

"दिसला!" काका ओरडले. "काठ दिसला! फासा द्या इकडे!"

मुलीने फासा दिला. वीस पडले. टेबल दणाणलं. काका खोकायचं विसरले, तांब्या विसरले, शनिवार विसरले. बाईंनी नाव काठाला लावली, किल्ल्याचं दार करकरलं, आतून पावलं वाजली, आणि काका उठून उभे राहत म्हणाले, "आणि राजा? तो सात मानांचा राजा कुठाय?"

बोलले, आणि जीभ चावली.

"खरंच, राजा कुठाय?" शिंपी टेबलाखाली वाकला.

"हा घ्या!" दारात काकू उभ्या होत्या. हातातून गुलाबी पाणी गळत होतं. "काय हो, तुमच्या सदऱ्यांबरोबर हे काय धुवायला टाकलंत? लाल चादरीचा रंग लागला सगळा!"

सात मानांची एक वेणी झाली होती. कॉलरी सुटल्या होत्या. शिंप्याने हुंदका दिला.

बाईंनी चष्मा लावला. "हे कोण?"

"तुमचा राजा," मुलगी म्हणाली. "सात मानांचा."

काकांनी मान खाली घातली. त्यांना एकच होती, ती पुरेना. "बाई," ते म्हणाले, "तो काना माझा. तुम्ही मनं लिहिली होतीत, मी माना केल्या." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "एक चूक होती ग माझी. मीच घातलेली."

बाई पुढे झुकल्या. "तुम्ही होय ते!" त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नव्हते मी. सात मनांचा राजा, किती नाजूक कल्पना होती! मग वाचकांची पत्रं आली. एकूण एक मानांबद्दल! मन कुणी विचारलंच नाही. म्हणून दुसऱ्या खंडात मला त्या माना वापराव्या लागल्या. तिसऱ्यात दोन छाटल्या, चौथ्यात परत उगवल्या. अहो, पहिल्या खंडानंतर मी लिहिणं सोडणार होते. पुढचे चार खंड तुमच्या कान्यावर उभे आहेत."

मंडळी आता काकांकडे बघत होती, आणि या वेळी नुसत्या हाताकडे नाही. डॉक्टरीणबाई उठल्या, फ्रिजपाशी गेल्या, आणि यादीतल्या दुसऱ्या, रिकाम्या जागी त्यांनी लिहिलं: ‘कानाकाका’. शिंप्याने हरकत घेतली नाही. मुलगी बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. काकांचा ऊर इतका भरून आला, की सदऱ्याचं वरचं बटण जिवावर उदार झालं.

निघताना बाईंनी पहिला खंड मागवला, पहिल्या पानावर एक ओळ लिहिली आणि काकांच्या हातात दिला. काकांनी ओलावल्या डोळ्यांनी वाचलं: ‘माझ्या मनाला काना देणाऱ्या हातास, सप्रेम.’

डोळे ओले होते, पण हात चौतीस वर्षांचा. तो आपसूक खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. "कान देणे असा वाक्प्रचार आहे," काका पुटपुटले, आणि ‘काना’चा शेवटचा काना त्यांनी सफाईने उडवला.

"बाबा!" मुलगी किंचाळली.

लेखिकाबाईंनी पान पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला धरून त्या हसत सुटल्या. काकू शांतपणे राजा पिळत होत्या.

"एक काना घातलात, एक काढलात," काकू म्हणाल्या. "झाली बरोबरी. आता तरी निवृत्त व्हा!"