सत्यभामाबाईंची सही

पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस घरी येणार म्हणून बुद्धभूषण मेश्राम सकाळी सातपासून इस्त्रीचा शर्ट घालून समता कॉलनीतल्या आपल्या व्हरांड्यात बसले होते. पोलीस आला तेव्हा अकरा वाजले होते आणि शर्टाची इस्त्री गेली होती.

पासपोर्ट त्यांच्या मुलीला, रुचिताला हवा होता. जुन्याची मुदत संपली नव्हती, पानं संपली होती. रेल्वेच्या गार्डाची ही पोरगी आधी तेलुगू सिनेमात बोलली, मग तमिळ आणि बंगालीत, आणि गेली तीन वर्षं पोर्तुगालच्या एका टीव्ही मालिकेत तिथल्या भाषेत भांडत होती. आता पोलंडच्या एका सिनेमात तिला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं. शुक्रवारी दिल्लीला व्हिसासाठी नवा पासपोर्ट दाखवायचा होता. नाही दाखवला तर काम दुसरीला जाईल, असं तिकडच्या लोकांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

आलेल्या शिपायाचं नाव राकेश साहू. त्याने खुर्चीवर बसता बसता सांगितलं, "दो पड़ोसी चाहिए. पहचानते हैं, चाल-चलन ठीक है, इतने पे साइन कर दें. आज ही भेज दूँगा. कल से मैं आठ दिन छुट्टी पे हूँ."

"हव, हव," बुद्धभूषण म्हणाले. "पड़ोसियों की क्या कमी!"

पहिला शेजारी निरंजन लगेच सापडला, कारण तो पोलीस पाहून आपणच आला होता. राकेशने अर्ज उघडला. व्यवसायाच्या रकान्यात बुद्धभूषण यांनी स्वतःच्या हाताने 'स्वयंरोजगार' लिहिलं होतं. 'अभिनेत्री' लिहिलं तर शंभर प्रश्न विचारतील, असा त्यांचा हिशेब होता.

"लड़की करती क्या है?" राकेशने निरंजनला विचारलं.

निरंजनला मदत करायची घाई होती. "दीदी तो इंटरनॅशनल है, सर! चेन्नई में क्या मर्डर किया! पुलिस ढूँढती रह गई. फिर लिस्बन निकल गई. उधर ससुराल की पूरी ज़मीन हड़प ली."

राकेशचं पेन थांबलं. "कितनी ज़मीन?"

"अंगूर का पूरा बागान, सर. सास को वृद्धाश्रम में डाल दिया."

"अरे, ॲक्टिंग आहे जी ते!" बुद्धभूषण ओरडले. घाईत ते मराठीतच ओरडले. मग आतून फोटो आणले, फोनवर मालिका लावून दाखवली, रुचितालाही बाहेर बोलावलं. राकेशने एकदा फोनकडे आणि एकदा रुचिताकडे पाहिलं.

"फिर स्वरोजगार काहे लिखे हो, चाचा?"

"ख़ुद ही तो करती है," बुद्धभूषण म्हणाले.

राकेशने 'मर्डर' या शब्दावर रेघ मारली. रेघेखालून शब्द चांगला वाचता येत होता. निरंजनने सही केली आणि आपण काहीतरी बिघडवलं, हे लक्षात येऊन तो हळूच निघून गेला.

आता एकच सही उरली. पण वेळ भर दुपारची. अर्धी गल्ली ड्युटीवर आणि अर्धी पंडरीच्या कापडबाजारात लग्नाचे कपडे घ्यायला गेलेली. घरी माणूस एकच होतं, समोरच्या सत्यभामाबाई गजभिये. त्या आल्या, "जय भीम" म्हणाल्या, कागद पाहिला आणि हात पदरात घेतले.

"सही? हिच्यासाठी? नाई देत."

"काहून, बाई?"

"भाऊ, तीन वर्षं तुमच्याच व्हरांड्यात बसून पाह्यलं मी. तुम्हीच खुर्च्या टाकत होते. सासूची खोटी सही काढली हिनं, अन् वावर-घर सारं आपल्या नावावर केलं. म्हातारी पडून आहे आश्रमात."

"काकू, ते नाटक आहे," रुचिता म्हणाली.

"मी का पागल हाओ? म्हातारी खोटी, घर खोटं, मले समजते सारं. पण हात तर तुहाच होता ना? चांगला मोठा करून दाखवला टीव्हीवर. नटीले रडून दाखवता येते, म्हणजे रडणं येतेच तिले. मंग सही काढून दाखवता येते, म्हणजे सही काढता येतेच!"

राकेशने क्षणभर विचार केला. "बात में दम है," तो म्हणाला.

सत्यभामाबाईंचं हे भय उगीच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी अंगठा लावला होता. नवरा नत्थू गेला तेव्हाही पेन्शनच्या कागदांवर अंगठाच लावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात बसल्या आणि दीड वर्षाने सही शिकल्या. त्या दिवशी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. तेव्हापासून ही सही त्या बँकेखेरीज कोणाला देत नसत.

"काकू, तो हात माझा नव्हता," रुचिता शांतपणे म्हणाली. "तिथल्या एका चित्रकाराचा होता. मला कुठं येतं असलं?"

"असं? मंग काढून दाखव माही सही. नाई आली, तर मी देतो."

बुद्धभूषण यांनी कपाळ पुसलं. कॅलेंडरचं जुनं पान आणलं गेलं. पाठच्या कोऱ्या बाजूला सत्यभामाबाईंनी नमुना काढला. आधी सगळी अक्षरं सुटी सुटी लिहिली, बोटाने मोजली आणि मग वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढत नेली. ती मधेच एकदा दचकल्यासारखी वर उडाली आणि पुन्हा खाली आली.

रुचिताने पेन घेतलं. जीभ दातांत धरली. पहिल्या खेपेला अक्षरं चरायला सोडलेल्या बकऱ्यांसारखी पांगली. दुसऱ्या खेपेला रेघ कागदाबाहेर गेली.

"अवं, इकडून नाई, तिकडून वढ!" सत्यभामाबाई वाकून म्हणाल्या. "अन् मधात जरा उडव."

तिसरी सही उडाली ती खाली आलीच नाही. चौथीत एक अक्षर गळलं. पाचवी पाहून राकेशनेही मान हलवली.

"नाई जमत व पोरी तुले!" सत्यभामाबाईंचा चेहरा पेढे वाटण्याच्या दिवशी होता तसा झाला. "दुनियाभरच्या भाषा येतात म्हणे, अन् माही सही नाई येत! आणा जी तो कागद."

त्यांनी अर्जातलं अक्षरन् अक्षर बोट ठेवून वाचलं. त्याला वीस मिनिटं लागली. मग सही केली. राकेशने ती फुंकर मारून वाळवली, "शाम तक भेज दूँगा, चाचा," म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून गेला. सत्यभामाबाईही घरी गेल्या.

बुद्धभूषण यांनी इतका लांब श्वास सोडला की शर्टाचं वरचं बटण उघडलं. "सुटलो व बाई! तुले खरंच नाई आली, म्हणून निभलं. मंग टीव्हीवरचा तो हात त्या चित्रकाराचाच ना?"

"माझाच, बाबा. चार दिवस सराव केला होता."

तिने कॅलेंडरचं पान ओढलं आणि पाच फसलेल्या सह्यांच्या खाली सहावी काढली. सुटी अक्षरं, उजवीकडून रेघ, मधेच ती दचकलेली उडी. नमुना कोणता आणि नक्कल कोणती, हे खुद्द नत्थू गजभिये परत आले असते तरी सांगू शकले नसते.

बुद्धभूषण यांनी ते पान हातात घेतलं, तोच फाटक वाजलं. सत्यभामाबाई परत आल्या होत्या.

"भाऊ, तो कागद द्या बरं. सून बाजारातून आली का तिले दाखवतो. नेहमी म्हणते, तुमची सही कोणीबी काढंल."

"तो?" बुद्धभूषण खुर्चीत ताठ झाले. "तो राकेशनं नेला. फाइलीले लावायले."

"माह्या सहीचा? सरकारात?"

"हव."

सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला. "मंग राहू द्या. तिथं जास्त लोकं पाहतील." फाटकापर्यंत जाऊन त्या वळल्या. "अन् पोरी, त्या म्हातारीले घर वापस कर."

"करते, काकू."

त्या गेल्या. रुचिता पोहे करायला आत गेली. पोहे झाले, तिने तीनदा हाक मारली, पण बुद्धभूषण खुर्चीवरून उठले नाहीत. समोरच्या घरात सत्यभामाबाई अजून खिडकीशी होत्या, आणि कॅलेंडरचं ते पान बुद्धभूषण यांनी बसल्या जागी आपल्याच खाली दाबलं होतं.