कै. झुंबरबाईंची गोधडी

झुंबरबाईंची धाकटी लेक सुरेखा पहिल्या बाळंतपणाला शहागडला माहेरी आली, त्याच वर्षी जालना जिल्ह्यात फुटबॉलविषयी आस्था निर्माण झाली. आस्था निर्माण व्हायला आधी खेळ असावा लागतो, असा एक गैरसमज आहे. तसं काही नसतं. आस्थेला समिती लागते, हॉल लागतो आणि फीत कापायला पाहुणा लागतो. ही तिन्ही जालन्यात होती. चेंडू तेवढा नव्हता, पण चेंडूचं चित्र काढता येतं.

समितीचं नाव क्रीडा-कला-संस्कृती समन्वय प्रतिष्ठान. तिनं जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर 'फुटबॉल आणि आपली माती' हे समूह प्रदर्शन भरवलं. एकोणीस कलावंत, सेहेचाळीस कलाकृती. फुटबॉल पाहिलेले कलावंत एकोणीस (टीव्हीवर). फुटबॉलला पाय लावलेला कलावंत एक (तोही लहानपणी, आणि चेंडू शेजाऱ्याचा होता). कलाकृतींत 'वासुदेव पेनल्टी घेताना' होती, 'मोसंबीच्या बागेतला गोलकीपर' होता, आणि वारली पद्धतीनं रंगवलेले सात चेंडू होते. वारली चित्रं जालन्याची नव्हेत, हे समितीला मान्य होतं. पण ती कुठंही शोभतात.

मंगल कार्यालयाच्या मागं एक मोकळं मैदान होतं. तिथं संध्याकाळी पोरं खरोखरच फुटबॉल खेळत. प्रेक्षकांच्या गाड्या लावायची अडचण होऊ नये म्हणून समितीनं ते मैदान वाहनतळासाठी घेतलं आणि पोरांना सांगितलं, फुटबॉल आता वरच्या मजल्यावर आहे, चपला काढून या.

या सगळ्याशी झुंबरबाईंचा काही संबंध नव्हता. त्या गोदावरीकाठी शहागडात राहत, घरची शेती बघत आणि गोधड्या शिवत. संबंध आला तो दोरीवर वाळत घातलेल्या एका गोधडीमुळं.

ही गोधडी अकरा जर्स्यांची होती. सुरेखा शाळेत असताना शहागडच्या मुलींचा एक फुटबॉल संघ होता आणि ती त्याची कॅप्टन होती. संघ एकूण नऊ सामने खेळला, दोन जिंकला, आणि मैदान हायवेला लागून असल्यामुळं चार चेंडू ट्रकखाली घालवले. मग एकेकीचं लग्न होत गेलं. सासरी जाताना कोणीच जर्सी नेली नाही. सासरच्या पेटीत जर्सी ठेवतात कुठं? प्रत्येकीनं आपली जर्सी सुरेखाच्या घरी आणून टाकली आणि शेवटी सुरेखाही आपली टाकून गेली. चार वर्षं त्या जर्स्यांनी भांडी पुसली, दळणाचे डबे झाकले, आणि झिजून झिजून त्या सायीसारख्या मऊ झाल्या.

सुरेखाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा झुंबरबाईंनी त्या सगळ्या धुऊन काढल्या. नव्या जिवाला नवं कापड लावत नाहीत, ते टोचतं. वापरलेलं लागतं, आणि आईच्या अंगावरचं असेल तर त्याहून चांगलं. पाचवीच्या पूजेला बाळ तशा गोधडीवर टाकायचं असतं. झुंबरबाईंनी वर जर्स्या लावल्या, खाली नवऱ्याचं, कडूबाचं, जुनं धोतर लावलं आणि तीन महिने टाके घातले.

समितीची संकल्पक आयुषी स्थानिक संस्कृती शोधत शहागडला आली तेव्हा ती गोधडी दोरीवर होती. आयुषी बडोद्याला कला शिकून आलेली होती आणि समितीचे अध्यक्ष सुरजमल शेठ तिचे आजोबा होते. (निवड गुणवत्तेवर झाली होती. अर्ज एकच आला होता.)

"काकू, हे कोणी केलं?"

"कोण करणार? म्याच. ह्यांला सुईत दोरा ओवता येत न्हाई."

"हे तर इन्स्टॉलेशन आहे!"

"न्हाई माय, गोधडी हाये."

झुंबरबाई द्यायला तयार नव्हत्या. पण सुरेखाच पोटावर हात ठेवून म्हणाली, "दे न आई. आमच्या टीमचं कुणी कवा कायी भिंतीला लावलं का?" तेव्हा झुंबरबाईंनी गोधडीची घडी घातली.

"दिवाळीच्या आत परत पाह्यजे. हिचे दिवस दिवाळीनंतर भरून राह्यले."

"बिलकुल," आयुषी म्हणाली.

पुस्तिकेसाठी कलावंताचा फोटो लागत होता. झुंबरबाईंनी पदर तोंडावर घेतला. "मी अशी कामातली. तो भिंतीवरला काढा, त्यात मी बरी दिसते." भिंतीवरचा फोटो नात्यातल्या एका लग्नातला होता आणि कोपऱ्यात तारीख होती, १४ मे २०१७. फोटोवर एक हारही होता. तो पोळ्याला बैलाच्या गळ्यातून उतरवलेला. चांगला प्लास्टिकचा हार फेकायचा कसा, म्हणून कडूबानं तो खिळ्याला अडकवला होता. भिंतीला खिळा एकच होता.

फोटो मोबाईलवरून पुस्तिकेची जुळणी करणाऱ्या राधेश्यामकडं गेला. राधेश्यामचा मूळ धंदा श्रद्धांजलीचे फलक छापण्याचा. जिल्ह्यात त्याच्या हाताखालून गेला नाही असा मेलेला माणूस सापडायचा नाही. हारातला फोटो दिसला की त्याचं बोट आपोआप 'कै.'वर जातं. फलकाला तारीख लागते, ती फोटोतच होती. आणि पुस्तिकेचं प्रकाशन मंत्रिमहोदयांच्या हस्ते झालं.

मेल्यामुळं झुंबरबाईंचा फार फायदा झाला. जिवंत कलावंताच्या चित्रापुढं प्रेक्षक सरासरी अकरा सेकंद थांबत. कै. झुंबरबाईंच्या गोधडीपुढं ते चार मिनिटं थांबत आणि जाताना नमस्कार करत. तिला काचेची पेटी आली, पेटीला कुलूप आलं. 'हात लावू नये' ही पाटी आली. (गोधडीचा हात लावण्याखेरीज दुसरा उपयोग नाही, ही बाब समितीच्या निदर्शनास कोणी आणली नाही.) संभाजीनगरहून आलेल्या समीक्षकांना एका जर्सीवर २०१९ सालच्या स्पर्धेचा शिक्का दिसला. कलावंत २०१७ ला वारलेली आणि कापड २०१९ चं. सामान्य माणूस इथं चुकीचा संशय घेतो. समीक्षकांनी लिहिलं, 'मृत्यूनंतरही या हातांनी टाका सोडला नाही.' तेव्हापासून गर्दी वाढली आणि प्रदर्शनाला तीनदा मुदतवाढ मिळाली.

दिवाळी आली आणि गेली. नऊ नोव्हेंबरला, रविवारी, सुरेखाला मुलगी झाली. पाचवी गुरुवारी होती. झुंबरबाईंनी बाळ-बाळंतिणीला सुनेच्या, वंदनाच्या, हवाली केलं आणि मंगळवारी सकाळच्या गाडीनं कडूबाला घेऊन जालना गाठलं.

प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता. वरच्या मजल्यावर गेल्यावर त्यांना आधी गोधडी दिसली आणि मग शेजारी त्या स्वतः दिसल्या, बैलाच्या हारासकट. कडूबानं पाटी मनातल्या मनात दोनदा वाचली.

"काय लिव्हलंय?"

"तू वारली म्हणून लिव्हलंय. सतरा साली."

"मंग हे आठ वर्सं सैपाक कोण करून राह्यलं?"

आयुषी धावत आली, हळहळली, आणि त्यांना आजोबांकडं घेऊन गेली. सुरजमल शेठ ऐंशीचे होते. साठ वर्षं कापडात गेलेली. सगळ्या प्रदर्शनात ती गोधडी कुलूप लागण्याआधी बोटांनी चाचपून बघितलेला माणूस तेवढा एकच. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"टाका लै बारीक हाय तुमचा," शेठ म्हणाले. "असा आजकाल बघायला मिळत न्हाई."

"मंग द्या की माघारी."

शेठनी नियमावली उघडली. नियम नऊ असा होता: जिवंत कलावंताची कलाकृती त्याच्या अर्जावरून परत द्यावी. दिवंगत कलावंताची वारसाच्या अर्जावरून द्यावी. वारस शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत न आल्यास कलाकृती कायम संग्रहात घेऊन मुंबईला रवाना करावी. खाली ट्रक लागलेला होता. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी जिवंत हाये. करते अर्ज. अंगठा कुठं देऊ?"

शेठनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही जिवंत हायत, हे मी मान्य करतो. खाजगीत. पण पुस्तिकेचं प्रकाशन मंत्र्यांच्या हातून झालं. त्यात वारलेलं माणूस आपण परत उठवलं तर मंत्र्यांना कसं दिसंल? त्याला सर्वसाधारण सभा पाह्यजे. ती मार्चमध्ये."

"मार्चपर्यंत पोरगी रांगायला लागंल."

"बराबर हाय."

झुंबरबाईंनी बशीतला चहा संपवला. चार बाळंतपणं काढलेल्या, दोन दुष्काळ बघितलेल्या बाईला नियम समजायला वेळ लागत नाही, त्याची कीव यायला लागतो.

"वारसाला देता म्हणलात?"

"लगेच. आज के आज."

"वारस कोण चालंल?"

"नवरा चालतो."

सगळ्यांनी कडूबाकडं बघितलं. कडूबा टोपी काढून उभा राहिला. "माझ्याच्यानं असलं अभद्र बोलणं व्हायचं न्हाई."

"अहो, पाचवी परवाला हाये. बोला जल्दी."

"चाळीस वर्सं संसार केला तुझ्यासंगं..."

"मंग एवढं एक काम करा. सांगा, बायको मेली म्हणून."

आयुषीनं अर्ज पुढं ठेवला. कडूबानं सही केली. एका रकान्यात मृत्यूचं कारण विचारलं होतं.

"कशानं वारल्या?" आयुषीनं हळू आवाजात विचारलं.

"हट्टानं," कडूबा म्हणाला. आयुषीनं 'अल्पशा आजाराने' असं लिहिलं.

"वाईट झालं, कडूबाजी," सुरजमल शेठ सवयीनं बोलून गेले.

"चालायचंच."

"लै जल्दी चालायला लागलं तुमचं!" झुंबरबाई म्हणाल्या.

अडचण एकच उरली, तारखेची. झुंबरबाई चौदा मे सतराला मरायला तयार नव्हत्या. "सुरेखाचं लगीन एकवीस साली झालं. तवा मी मेलेली होते तर हळद कुणी लावली? तिच्या सासरच्यांनी पुस्तिका वाचली तर काय म्हणतील? मरते मी, पण आजची तारीख टाका." शेठनी विचार केला. मृत्यू रद्द करणं हा धोरणात्मक विषय आहे, तारीख बदलणं ही छपाईची दुरुस्ती आहे. राधेश्यामला फोन गेला. वीस मिनिटांत शुद्धिपत्रक छापून आलं, आणि घाईतही त्यानं चारी कोपऱ्यांत फुलं टाकली होती.

मग रीतसर कार्यक्रम झाला. वारसाला शाल-श्रीफळ देण्यात आलं. काचेची पेटी उघडली आणि शेठनी माईकवरून सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली.

तुम्ही तिथं होतात. संस्कृतीविषयी आस्था असणारी माणसं अशा ठिकाणी असतातच. तुम्ही गाडी त्या मैदानावर लावली होती, पुस्तिका घेतली होती, गोधडीसोबत फोटो काढला होता आणि आता मान खाली घालून उभे होतात. तुमच्या शेजारी एक म्हातारी आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, "धोतराची बाजू आत घ्या, मळंल ना!" तुम्हाला ते बरं वाटलं नाही. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "मावशी, जरा भान ठेवा. कुणाचं तरी माणूस गेलंय." आणि ती लगेच गप्प झाली, कारण तुमचं म्हणणं रास्त होतं. जाताना तुम्ही अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत, 'अशी माणसं आता राहिली नाहीत.' खाली तुमची सही आहे.

गुरुवारी शहागडला पाचवी झाली. पोरगी अकरा जर्स्यांवर पडली, रडली, आणि पहिल्याच तासात कॅप्टनची जर्सी ओली करून झोपली. झुंबरबाई रात्रभर तिच्या उशाशी बसून होत्या.

प्रतिष्ठानच्या दप्तरात नोंद अशी आहे: श्रीमती झुंबरबाई कडूबा, राहणार शहागड, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी पावणेबारा वाजता वारल्या.