खाकरणारं ब्रॅकेट

"भूत नावाचा प्रकार जगात नसतो, आणि फायबरचं ब्रॅकेट घरच्या घरी करता येतं!" चहाचा कप खाली ठेवता ठेवता जयराम पगारेंनी दोन्ही गोष्टी एका दमात जाहीर केल्या. यातली दुसरी खरी ठरली. पहिलीचं काय झालं, तेच तर सांगायचंय.

जयरामराव म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म बॉयलरपाशी गेला, त्यामुळे कुठे काही वाजलं, फुसफुसलं की त्यांना आधी वाफ आठवायची. बुद्धविहारात 'भूत नसतं' या विषयावर त्यांचं भाषण ठरलेलं. इतक्यांदा झालं होतं की पुढच्या रांगेतले लोक कुठे टाळ्या वाजवायच्या हे झोपेतही चुकायचे नाहीत.

बाहेर असा दरारा, आणि घरात? घरात त्यांची बायको विठाबाई बोलायच्याच बंद झाल्या होत्या. बाईंचा थोरला भाऊ देवराम गेला तेव्हापासून. भांडण नाही, रुसवा नाही. जेवायला वाढायच्या, कपडे वाळत घालायच्या, पण तोंडातून शब्द नाही. जयरामरावांनी मुद्दाम "डाळीत मीठ कमी आहे" म्हणून पाहिलं. एरवी एवढ्यावर महाभारत झालं असतं! बाईंनी गुपचूप मिठाची बरणी पुढे सरकवली. घर इतकं शांत झालं होतं की फ्रीज बंद पडला तरी दचकायला व्हायचं. वर्षभरात बाई एकदाच आपणहून बोलल्या, "दादाची होडी एकदा पाण्यात चालताना बघायचीय."

बस्स! जयरामराव तिथून उठलेच.

देवराम गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायचा. जायच्या आधी त्यानं होडीच्या मागे लावायला एक जुनं इंजिन हौसेनं आणलं होतं. पण ते निघालं लांब दांड्याचं, आणि होडी बुटकी. थेट लावलं तर पंखा गाळात! म्हणजे इंजिनाला उचलून धरणारं ब्रॅकेट हवं. जयरामरावांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, सातपूरच्या एका वर्कशॉपमधून रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर आणि फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, मॅट आणली आणि पश्चिमेकडच्या गॅलरीत कारखाना थाटला. आतून पोकळ, चहूबाजूंनी बंद अशी पेटी करायची, म्हणजे इंजिनाच्या वजनानं होडीची शेपटी बुडणार नाही, असा सगळा हिशेब.

हार्डनर अंमळ जास्त पडलं. पेटी आपोआप तापायला लागली. खाली विस्तव नाही, वर ऊन नाही, आणि पेटी गरम! जयरामरावांनी हात लावला, तर तापात पडलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली. रासायनिक क्रिया आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हात त्यांनी जरा लवकरच काढला.

मग सुकल्यावर घासकाम झालं. पांढरी धूळ गॅलरीभर उडाली, वाऱ्यावर वरच्या मजल्याकडे गेली. जयरामरावांची मनगटं चुणचुणायला लागली. दिसायला काहीच नाही, पण कुणीतरी बारीक सुया टोचत बसलंय. त्यांनी पेटीवर पांढरी चादर टाकली आणि आंघोळीला गेले. गॅलरीत आता चादरीखाली काहीतरी आडवं पडलेलं दिसत होतं. काय, ते पाहणाऱ्यानं ठरवावं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला जयरामराव गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. ऊन नुकतंच उतरलं होतं, समोरच्या इमारती काळ्या पडत चालल्या होत्या. वारा अगदी पडलेला. आणि चादरीखालून आवाज आला.

टक्. टक्. मग जरा थांबून, "ख्हूंऽऽऽ."

जयरामरावांच्या हातातला टॉवेल खाली पडला. कारण देवराम काही सांगायच्या आधी चुन्याची डबी गुडघ्यावर दोनदा आपटायचा आणि मग घसा खाकरायचा. अगदी असाच! वर्षभरापूर्वी थांबलेला आवाज आता हातभर अंतरावरून येत होता.

"कोण आहे?" जयरामरावांनी विचारलं. विचारल्याची लाज वाटून त्यांनी लगेच स्वतःला उत्तर दिलं, "कोणी नाही!"

"ख्हूंऽऽ," चादर म्हणाली.

जयरामराव घरात आले आणि सगळ्या खोल्यांचे दिवे लावले. घाबरले नव्हते हो! डोळ्यांना उजेड बरा असतो, म्हणून. पण मागे वळून बघतात तर विठाबाई गॅलरीच्या दारात उभ्या. चेहरा पांढरा पडलेला, डोळे चादरीवर.

"दादा?" त्या म्हणाल्या. "आलास होय रे?"

टक्, झालं.

त्या दिवसापासून तिन्हीसांज झाली की विठाबाई चहाचा कप घेऊन पेटीपाशी पाटावर बसायच्या आणि बोलायच्या. वर्षभराचं साठलेलं! भाचीचं लग्न, गुडघेदुखी, महागलेली मेथी, सगळं. पेटी मधूनमधून हुंकार द्यायची. आत सोफ्यावर जयरामराव कानात कापूस घालून पेपर वाचायचे. बायको बोलतेय याचा आनंद मानावा, की कुणाशी बोलतेय याची भीती बाळगावी, हेच त्यांना कळेना. "अगं, गार पडल्यावर वस्तू वाजतात," असं एकदा ते म्हणाले. विठाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पेपरात शिरले.

तोवर वरच्या मजल्यावर वेगळंच सुरू होतं. अंजलीताई बोरस्त्यांच्या घरात सगळ्यांना खाज सुटली होती. अंगावर पुरळ नाही, डास नाही, ढेकूण नाही. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. काही दिसत नाही म्हटल्यावर अंजलीताईंची खात्रीच पटली! त्यातून खालून रोज खाकरणं ऐकू यायचं. ताई सरळ खाली आल्या.

"विठामावशी, तुमच्या गॅलरीत चादरीखाली कोण आहे?"

"माझा दादा," विठाबाई म्हणाल्या, इतक्या सहज, जणू पाहुणा मुक्कामाला आलाय.

"विचारलं तर सांगतात का हो?"

पुढचं जयरामरावांना माहीत नव्हतं. ते त्या रविवारी विहारात भाषणाला गेले होते. भाषण रंगलं. "मित्रहो, भीती ही अज्ञानाची पोर आहे!" वगैरे झालं. टाळ्या घेऊन संध्याकाळी घरी आले, तर दाराबाहेर चपलांचा ढीग! विठाला काही झालं की काय?

धावत आत गेले. गॅलरीत सोसायटीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. अंधार दाटत होता, दिवा कुणीच लावला नव्हता. सगळ्या मनगटं खाजवत होत्या. चादरीपुढे उदबत्ती, लिंबू, मिरच्या आणि अंजलीताईंच्या मळ्यातला झेंडूचा हार. ताई हात जोडून विचारत होत्या, "दादा, सासूबाई मळा विकू देतील का? हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा."

सगळ्यांनी श्वास रोखला. जयरामरावांनीसुद्धा!

टक्.

"अगं बाई!" एक जण रडायलाच लागली.

टक्, दुसरा आवाज आला. आणि मग लांब, थकलेला, "ख्हूंऽऽऽ."

आता जयरामरावांचं डोकं फिरलं. हातात विहारात मिळालेला गुलाब, आणि घरात ही तऱ्हा! "बाजूला व्हा!" ते गरजले. चादर ओढली, दिवा लावला, बादलीत साबणाचा फेस केला आणि पेटीच्या जोडावर फासला. एका कोपऱ्यात फेसाला सुईएवढी खळी पडली आणि फेस आत ओढला जायला लागला. तिथे फायबरचा एक सुटा धागा जिभेसारखा थरथरत होता.

"बघा! दिवसा पेटी तापते, आतली हवा फुगते, बाहेर पडते. संध्याकाळी गार झाली की इथून हवा आत ओढते, आणि हा धागा वाजतो. पातळ बाजू आत दबली की टक्! आणि खाज माझ्या घासकामाच्या धुळीची. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवा सगळ्यांनी! कुठाय भूत?"

जयरामरावांनी भोकात पुट्टीचा गोळा दाबला. पेटी गप्प झाली. बायका एकेक करून उठल्या. अंजलीताईंनी हार परत घेतला, लिंबूसुद्धा. आयुष्यात एवढा मोठा विजय जयरामरावांनी मिळवला नव्हता. दाद घ्यायला ते वळले.

विठाबाई पाट उचलून आत निघाल्या होत्या.

"विठा, समजलं ना तुला? हवा होती."

त्यांनी मान हलवली. रात्री जेवण वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. शब्द नाही. तिन्हीसांजेला चहा केला आणि ओट्यापाशी उभ्यानं एकट्याच प्यायल्या. गॅलरीत आता इतकी शांतता होती की जयरामरावांना तिथे उभं राहवेना. पेटी वाजत होती तेव्हा नुसते केस उभे राहायचे. आता जीव घाबरा व्हायला लागला. बाई अशाच राहिल्या तर? कायमच्या? खरं बोलून आपण हे काय करून बसलो, असं त्यांना वाटलं आणि कधी नव्हे ते डोळ्यांत पाणी आलं.

दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी विठाबाई भाजी आणायला गेल्यावर त्यांनी ड्रिल काढलं आणि पेटीच्या मागच्या बाजूला चांगलं बोटभर भोक पाडलं. होय, त्यांनीच! तोंड लावून फुंकून पाहिलं. पहिल्यांदा आगबोटीचा भोंगा निघाला. सराव केल्यावर मात्र आवाज असा जमला की त्यांच्याच अंगावर काटा आला.

संध्याकाळी "मी जरा फिरून येतो" म्हणून त्यांनी बाहेरचं दार उघडलं, धाडकन लावलं आणि पायमोजे घालून आतल्या आत गॅलरीत जाऊन पेटीमागे उकिडवे बसले. ऊन उतरलं. सावल्या पायांवर चढल्या. त्यांनी बोटानं पेटी ठोकली. टक्. टक्.

"ख्हूंऽऽऽ!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मग पावलं. मग पाट सरकवल्याचा आवाज.

"दादा?"

"ख्हूंऽऽ."

विठाबाई पाटावर टेकल्या. जयरामरावांचे गुडघे दुखायला लागले, पण हलतील कशाला!

"दादा, तुला सांगते," विठाबाई हळूच म्हणाल्या. "तू गेलास, तर या माणसानं टीव्ही मोठा केला, होडीचं इंजिन काढलं, ब्रॅकेट केलं, भाषण केलं. पण माझ्याजवळ बसून, विठा, तुला दादाची आठवण येते का, एवढं काही विचारलं नाही. मी तरी काय बोलणार?"

पेटीमागे जयरामरावांनी बाहीनं नाक पुसलं.

"माणूस वाईट नाही. जीव लावतो, फक्त बोलता येत नाही. यांना सांग, आता मागचं ते मोठं भोक नीट बुजवा म्हणावं, नाहीतर पाणी भरून होडी बुडायची. आणि धरणावर मला घेऊन चला. मी होडीत बसेन. भीती वाटते, पण हे शेजारी असले तर बसेन."

"ख्हूं," पेटीमागून आलं. जरा ओलसर.

"आणि दादा," विठाबाई उठता उठता म्हणाल्या, "अशा वयात इतकं जोरात फुंकू नये. बीपीची गोळी सकाळपासून टेबलावर तशीच पडलीय."

"घेतो, घेतो!" ब्रॅकेट म्हणालं.