तारा नसलेले ढोलेकाका

आमच्या दुकानात कुठलीही साडी गिऱ्हाइकाच्या अंगावर जाण्याआधी ढोलेकाकांच्या अंगावर जाते. साठी उलटलेला, झुपकेदार मिशांचा हा माणूस खांद्यावर पदर टाकतो, भराभर निऱ्या घालतो आणि आरशासमोर चार पावलं चालतो. नवीन बाया तोंडाला रुमाल लावून हसतात. काकांचं लक्ष नसतं. ते एकच विचारतात, "नेसनार कोन हाये?"

जळगाव जामोदला बाजारपेठेतलं हे कापडाचं दुकान. मी ड्रेसच्या काउंटरला, गजानन शर्टिंगला आणि काका साड्यांना. साडी विकण्यापेक्षा न विकण्यात त्यांना जास्त रस. एकदा एका मास्तरीणबाईंनी अबोली रंगाची साडी पसंत केली, तर काका म्हणाले, "बाई, हे साडी तुमच्यासंग भांडन करून राह्यली. आज घरी जा. उद्या सकाळी मनात राह्यली तं या." बाई गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन परत आल्या. मोठे मालक म्हणूनच काही बोलत नसत.

मग छोटे मालक अकोल्याला दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि भिंतीवर एक फळा लागला. वर लिहिलं होतं, 'या महिन्याचा तारा'. ज्याच्या नावावर जास्त बिलं, त्याच्या नावापुढे तारा, फळ्यावर फोटो, भोवती रंगीत दिवे आणि शिवाय बक्षीस. पहिल्या महिन्याला कुकर.

खोटं कशाला सांगू, तो कुकर मी जिंकला. कसा, ते सांगायला थोडी लाज वाटते. साडीसाठी आलेल्या बायांना मी दारातच "ताई, इकडे या" म्हणून ओढायची. माझ्याकडे रंग नसला, तर गजाननकडे कापड आहे हे सांगायचीच नाही. गजानननं धडा घेतला आणि दुसऱ्या महिन्यात थेट पायरीवर जाऊन उभा राहिला. रस्त्यानं जाणाऱ्याच्या पिशवीला हात घालायचा फक्त बाकी होता.

"काऊन बे गजा," काका आतून म्हणाले, "गिऱ्हाईक हाये का बकरी?"

"काका, या महिन्याले मिक्सर हाये," गजानन म्हणाला.

बिलं वाढली, हे खरं. पण गळ्यात मारलेले कपडे आठवड्याभरात बदलायला परत येऊ लागले. आम्ही डब्यातली भाजी वाटून खायचो, तेही बंद झालं. मी मीटरपट्टी लपवायची, गजानन कात्री. फळ्यावर काकांच्या नावापुढे एकही तारा नव्हता. "तारे आभायात असतात," म्हणून ते पुन्हा आरशाकडे वळायचे.

त्याच महिन्यात संग्रामपूरकडचं एक लग्नघर बस्ता बांधायला आलं. वीसेक माणसं. मी नवरीचा हात धरला, गजानननं तिच्या मामाचा. मग बिल कोणाच्या नावावर, यावरून आमची दोघांची त्यांच्यासमोरच जुंपली. नवरीची आत्या उठली. "चला व, समोरच्या दुकानात पाहू," म्हणून तिनं चपला घातल्यासुद्धा.

तेवढ्यात काका पुढे आले, खांद्यावर अर्धी नेसलेली हिरवी साडी तशीच. आत्याबाई थबकल्या आणि त्यांना हसू आवरेना. काकांनी सगळ्यांना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि कोपऱ्यात बसलेल्या नवरीसमोर गुडघे टेकले.

"माय, तुले काय आवडते?"

पोरीनं आधी आईकडे पाहिलं. तिला हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "जांभया रंग."

"सुनंदा, तुह्याकडची जांभयी ओढणी आन, रंग लावून पाहू. गजा, नवरदेवाचं कापड काढ." आम्ही मुकाट्यानं पळालो. संध्याकाळपर्यंत मीटरपट्टी आणि कात्री या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरत राहिल्या. किती दिवसांनी आम्ही एकत्र हसलो.

छोट्या मालकांनी विचारलं, "बिल कोणाच्या नावावर?"

"दुकानाच्या," काका म्हणाले.

"कॉम्प्युटर तसं घेत नाही, काका."

"मंग गजाच्या नावानं टाका. त्याची बायको पाट्यावर वाटून राह्यली."

गजाननला मिक्सर मिळाला, पण पायरीवर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. छोट्या मालकांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी तिसऱ्या महिन्याचं बक्षीस रद्द केलं आणि सगळ्यांना शेतात रोडगे अन् वांग्याच्या भाजीचं जेवण दिलं. काकांनी सात रोडगे खाल्ले. गजानन मोजत होता.

फळा काढायचा होता, म्हणून मी पेचकस शोधायला काकांचा खण उघडला. त्यात फोटो स्टुडिओचं पाकीट होतं. आत काकांचे चार फोटो, स्टुडिओतला कोट घालून, केसांना तेल चोपडून. पाकिटावरची तारीख फळा लागला त्याच आठवड्यातली.

"काका, हे?"

ते जरा वेळ साडीची घडीच घालत राहिले. "म्हटलं, लागला एखांद्या वेळी तं अडचन नको."

"मग घरी तरी लावायचा."

"घरी कोन पाह्यते, सुनंदा? मी एकटा. इथं मानसं येतात-जातात."

मी एक फोटो मागून घेतला आणि माझ्या काउंटरच्या काचेखाली ठेवला. बाया विचारतात, हे कोण? मी मुद्दाम मोठ्यानं सांगते, "हे आमचे ढोलेकाका. साडी घ्यायची तर यांनाच विचारा." पलीकडे काका ऐकू न आल्यासारखं करतात, पण हातातली घडी हमखास चुकते आणि ते ती पुन्हा उलगडून बसतात.