टेबल विकायचं आहे

निम्मेकाका छातीठोक सांगायचे, की माणसाला जगातल्या सगळ्या वस्तूंची किंमत कळते, फक्त स्वतःच्या वस्तूची कळत नाही. जुनं फर्निचर विकत घेण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. गिऱ्हाईक कपाटाचा भाव सांगे, आजोबांची आठवण सांगे, डोळे पुसे. काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि निम्मा भाव सांगत. वर म्हणत, आठवण तुमच्याकडेच ठेवा, मला फक्त लाकूड द्या. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

त्यामुळे काकू गेल्या आणि लेकीने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं, तेव्हा भाड्याचं घर रिकामं करायची काळजी कुणालाच नव्हती. कपाट, पलंग, खुर्च्यासुद्धा त्यांनी हा हा म्हणता विकून टाकल्या. राहिलं जेवायचं टेबल. लेकीकडची त्यांची खोली एवढीशी, एका पलंगात भरून जाणारी. तेव्हा महिनाअखेर घरमालकाला किल्ली द्यायच्या आत टेबल जायलाच हवं होतं. ते चहा पिता पिता जाईल, असं काकांनी लेकीला फोनवर सांगून टाकलं.

पहिले आले एक मास्तर. त्यांनी वाकून टेबलाचा पाय हलवून पाहिला आणि हे जरा डुगडुगतंय म्हणाले. काकांना वाटलं, हा आपल्याच घरात येऊन आपल्या बायकोला नावं ठेवतोय. मास्तरांना त्यांनी जिन्यापर्यंत पोचवलं, म्हणजे जवळजवळ ढकललंच.

मग आले धंद्यातलेच एक जुने स्नेही. काकू कुठल्या कोपऱ्याला बसून भाजी निवडायच्या, हेसुद्धा त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि निम्मा भाव सांगितला. असा दगडाच्या काळजाचा माणूस काकांनी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

मग एक नर्सबाई आल्या. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. काकांनी भाव सांगितला, त्या पैशांत खरं तर नवं कोरं टेबल आलं असतं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "उद्या टेम्पो घेऊन येते."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काकांना शंका आली. इतक्या चटकन हो म्हणाली? म्हणजे आपण फसलो. म्हणजे हे लाकूड काहीतरी भारीपैकी असणार आणि ते हिला कळलंय! बाई घरी पोचल्या असतील-नसतील, तोच काकांनी फोन करून भाव दुप्पट केला.



"काका, तुम्हाला ते विकायचंच नाहीये," बाई म्हणाल्या. रागावून नाही, हळूच. आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांनी लेकीला कळवलं, की चोरी पकडली गेली म्हणून बाई पळाली.

त्यानंतर कुणी आलं नाही. किल्ली द्यायच्या दिवशी टेम्पोत टेबल चढलं आणि मागून काका चढले. एवढे थांबलोच आहोत तर चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत आणखी थांबू, असा त्यांचा हिशोब होता. लेकीने दारातून एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे.

"बाबा, एक तर पलंग मावेल, नाही तर हे."

पलंग काय, कुठेही मिळतो, असं काका म्हणाले. लेकीने हौसेने आणलेला नवा पलंग दुकानात परत गेला.

आता काका टेबलावर गादी टाकून झोपतात. चढायला स्टूल लागतं, उतरायला जावयाचा हात लागतो आणि पाठ दिवसभर धरलेली असते. झोपतात तेही एका कडेला. काल सकाळी लेक चहा घेऊन आली, तेव्हा ते अगदी पडायच्या बेतात होते.

"अहो बाबा, मधे सरका की. एवढी जागा आहे तिकडे."

काकांनी तिकडे, काकूंच्या भाजी निवडायच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांना काकूंची फार आठवण आली. पण असलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. लेकीने कप त्या मोकळ्या जागेवर ठेवला.

"खाली कागद ठेव गं," काका म्हणाले. "डाग पडला तर भाव उतरेल."