रिकामे खड्डे

कुकटपल्लीच्या सरकारी माळावर बागखात्यातल्या हणमंतरावांनी दोरी धरून खड्डे आखले होते. तीस-तीस फुटांवर आंबा, दोन आंब्यांच्या मध्ये एक शेवगा, उरल्या जागेत तूर. कुणी कुणाचं ऊन खायचं नाही, कुणी कुणाचं पाणी प्यायचं नाही. हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी दोन महिन्यांवर आली होती. बाग खात्याच्या साहेबांच्या पसंतीस उतरली तर हैदराबादेत राहता येणार होतं; नाहीतर रवानगी मुंबई राज्यात. आणि अफझलगंजच्या देवळातलं गुरुवार संध्याकाळचं कीर्तन सोडून जायचं म्हणजे हणमंतरावांच्या अगदी जिवावर येत होतं.

घात केला तो कीर्तनानंच. शेवग्याची रोपं अजून यायचीत, खड्डे रिकामे पडलेत, असं हणमंतराव कीर्तनाच्या मंडळींत बोलून बसले. त्याच गुरुवारी बुवांनी झाड लावण्याचं पुण्य असं काही रंगवलं की सगळं देऊळ डोलू लागलं. सगळ्यांत जास्त हणमंतरावच डोलले.

सोमवारी माळावर येऊन पाहतात तर शेवग्याच्या प्रत्येक खड्ड्यात पिंपळ, वड, नाहीतर औदुंबर. कीर्तनाच्या मंडळींतल्या चतुराबाई आपल्या पिंपळाला सूत गुंडाळत होत्या.

"अहो चतुराबाई, हा वाढल्यावर आंब्याला ऊन कुठलं?"

"देवाच्या सावलीत वाढायला आंब्याचं काय जातंय?"

"दुसरीकडं लावू की."

"लावलेला पिंपळ उपटायचा? उपटा तुम्ही. आम्ही नाही बघायचो," असं म्हणून त्या बघत उभ्या राहिल्या.

हणमंतरावांनी खुरपं उचललं, पिंपळाला हात जोडले आणि खुरपं उमाजी माळ्याला दिलं. "माझी बायको पोटुशी हाय, मालक," म्हणून उमाजीनं ते परत केलं. औदुंबरवाल्या भगवंतरावांना विनवलं, तर ते दुसरा औदुंबर घेऊन आले; एकटा बरा दिसत नाही म्हणे.

मंगळवारी साहेब आले. नकाशा पाहिला, बाग पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला.

"क्या हणमंतराव, इसमें शेवगा कौन सा है?"

"एक भी नहीं, साहेब."

"तो निकालो इनको."

"हुकूम लिख के देओ, साहेब."

साहेबांनी पेन काढलं. सुताकडं पाहिलं. पेनाला टोपण लावलं.

"जिसके बाग में लगे, वोच संभालेगा. तुम इधरीच रहो. रोज अंधेरा होने तक."

हैदराबाद राहिलं, कीर्तन गेलं. मंडळी हळहळली. पुढच्या गुरुवारी बुवांना घेऊन सगळी माळावरच आली. चतुराबाईंनी देवळातली लांबरुंद सतरंजी आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. दर वेळी मध्ये पिंपळ नाहीतर औदुंबर; कुठंच पसरेना.

"हणमंतराव," त्या म्हणाल्या, "झाडं जरा अंतर ठेवून लावायची नाही का हो?"